हृदय-शल्यक्रियेतील रुधिरप्रवाहाचे व्यक्तिसापेक्ष नियमन : चंद्रपूर-गडचिरोलीच्या रुग्णांच्या संदर्भात

हृदय उघडून त्यावर शल्यक्रिया करावयाची असली म्हणजे हृदय व फुफ्फुसे यांचे कार्य काही काळ यंत्राकडे सोपवावे लागते. नीलांतून येणारे रक्त यंत्रात घेऊन त्याला प्राणवायू द्यावयाचा आणि ते पंपाने महाधमनीत परत लोटावयाचे, हे त्या यंत्राचे काम. शरीराच्या नेहमीच्या तपमानास पंपाने दर मिनिटास किती रक्त लोटावे, या प्रश्नाचे रूढ उत्तर एका आकड्यात सामावलेले आहे : शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे सुमारे २.४ लिटर. विश्रांतीच्या अवस्थेतील मनुष्याचे हृदय जेवढे रक्त पुढे ढकलते त्याच्या जवळपासचा हा आकडा आहे. तो गैर नाही; परंतु त्यात एक गृहीत दडलेले आहे. प्रत्येक लिटर रक्त सारख्याच योग्यतेचे असते, हे ते गृहीत होय. विदर्भाच्या पूर्वेकडील वनप्रदेशातून नागपूर, सेवाग्राम किंवा सावंगी येथील रुग्णालयांकडे येणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत हे गृहीत किती टिकते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया येथे जॉन गिबन यांनी हृदय-फुफ्फुस यंत्राच्या साह्याने पहिली यशस्वी शल्यक्रिया केली. आरंभीच्या काळी यंत्राच्या मर्यादांमुळेच पंपाचा वेग ठरत असे. पुढे यंत्रे सुधारली, तरी वेग ठरविण्याची रीत तीच राहिली : उंची व वजन यांवरून पृष्ठभाग काढावयाचा, त्यास २.४ ने गुणावयाचे आणि येणारा वेग कायम ठेवावयाचा. या रीतीस पहिला गंभीर धक्का गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बसला.

पेशींची गरज रक्ताची नसून रक्ताने वाहून आणलेल्या प्राणवायूची असते. म्हणून पाहावयाची ती रक्ताच्या प्रवाहाची व त्यातील प्राणवायूच्या प्रमाणाची गुणाकाराने येणारी संख्या. रक्तातील प्राणवायू बहुतांशी हीमोग्लोबिनला बांधलेला असतो. एक ग्रॅम हीमोग्लोबिन पूर्ण भरले तर सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू धरते. द्रवात नुसता विरघळलेला भाग अल्प असतो. इटलीतील रानुच्ची व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये असे दाखविले की, यंत्रावर असताना हा पुरवठा दर मिनिटास दर चौरस मीटरमागे सुमारे २७२ मिलिलिटरच्या खाली गेला म्हणजे शल्यक्रियेनंतर मूत्रपिंडे बिघडण्याचा धोका वाढतो. द सोमेर व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जवळजवळ तीच सीमा, म्हणजे २६२, काढली. त्यानंतर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक केंद्रांतील तुलनात्मक प्रयोगात एका गटाचा पुरवठा २८० च्या वर राखण्यात आला व दुसऱ्या गटास रूढ पद्धतीने ठेवण्यात आले. पहिल्या गटात मूत्रपिंडांची सौम्य इजा निश्चित कमी झाली. तीव्र इजेत मात्र फरक आढळला नाही. हा निष्कर्ष अतिशयोक्तीने सांगण्याचे कारण नाही. तरी प्रवाहाऐवजी पुरवठा मोजला पाहिजे, एवढी गोष्ट त्याने पक्की केली.

आता दोन काल्पनिक रुग्ण घेऊ. पहिला शहरातील सत्तर किलो वजनाचा पुरुष. त्याचे हीमोग्लोबिन शेकडा १४ ग्रॅम. दुसरी धानोरा किंवा एटापल्लीकडील चाळीस किलो वजनाची, दीड मीटर उंचीची स्त्री. ऱ्हुमॅटिक ज्वराने तिची द्विदल झडप निकामी झालेली आहे आणि हीमोग्लोबिन ९ ग्रॅम आहे. यंत्राच्या नळ्या व प्राणवायूचे पात्र भरण्यास प्रारंभी समजा १२०० मिलिलिटर क्षारद्रव लागतो. पुरुषाच्या अंगात सुमारे ४९०० मिलिलिटर रक्त आहे. ते या द्रवात मिसळल्यावर त्याचे हीमोग्लोबिन सव्वाअकरापर्यंत उतरते. स्त्रीच्या अंगात जेमतेम २६०० मिलिलिटर रक्त. तिचे हीमोग्लोबिन ६.२ च्या आसपास येते. दोघांनाही २.४ लिटर हाच प्रवाह दिला, तर पुरुषास दर चौरस मीटरमागे सुमारे ३७५ मिलिलिटर प्राणवायू मिळतो आणि स्त्रीस सुमारे २१२. रूढ कोष्टकाप्रमाणे दोघांनाही ‘पूर्ण प्रवाह’ मिळत आहे. प्रत्यक्षात एकास भरपूर मिळत आहे, तर दुसरी मूत्रपिंडांच्या धोक्याच्या रेषेखाली बरीच खोल गेलेली आहे. शल्यक्रियेत काही चुकले म्हणून हे घडत नाही. लहान शरीर, पातळ रक्त आणि सर्वांसाठी सारखेच यंत्र यांच्या संयोगातून ते घडते.

ही तूट भरून काढण्याचे मार्ग तीन, आणि त्यांतील प्रत्येकास मर्यादा आहे. नुसता पंप वाढवून २८० गाठावयाचे म्हटले तर प्रवाह ३.१ लिटरच्या पुढे न्यावा लागतो. एवढ्या प्रवाहास लहान धमनीतील नळी अरुंद पडते, दाब चढतो आणि तांबड्या पेशी फुटू लागतात. दुसरा मार्ग बाहेरचे रक्त देण्याचा. एका पिशवीतील तांबड्या पेशींनी या स्त्रीचे हीमोग्लोबिन सुमारे दीड ग्रॅमने वाढते व पुरवठा २६० च्या आसपास येतो. परंतु परक्या रक्ताचे स्वतःचे धोके आहेत. तिसरा मार्ग मुख्यतः शल्यगृहाबाहेरचा आहे. तिचे हीमोग्लोबिन अगोदरच अकरापर्यंत आणले आणि आखूड नळ्या वापरून प्रारंभिक द्रव ८०० मिलिलिटरवर ठेवला, तर यंत्रावरही ते ८.४ च्या आसपास राहते आणि २.४ लिटर प्रवाहातच पुरवठा २८५ च्या घरात जातो. रुग्णाच्याच धमनीतील रक्त उलट दिशेने नळ्यांत आणून तेथील द्रव काढून टाकण्याची युक्तीही याच हेतूने योजिली जाते. केवळ द्रव कमी केला आणि हीमोग्लोबिन नऊच राहू दिले, तर पुरवठा २३५ च्या पुढे जात नाही. म्हणजे यंत्राकडील उपाय व रुग्णाकडील उपाय यांतील एकटा कोणताच पुरत नाही.

हीमोग्लोबिन वाढविण्यास शिरेतून लोह दिले तरी काही आठवडे जावे लागतात. ज्या रुग्णाची झडप अरुंद होऊन फुफ्फुसांत रक्त तुंबत आहे, तिला तेवढे थांबविता येईलच असे नाही. शिवाय या प्रदेशात अंगात रक्त कमी असणे म्हणजे लोह कमी असणे असे सरळ समीकरण मांडता येत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

प्रवाहाबरोबर दाबाचाही प्रश्न आहे. मेंदूतील रक्तवाहिन्या दाबाच्या एका विशिष्ट पट्ट्यात आपला प्रवाह स्वतः स्थिर राखतात. या पट्ट्याची खालची सीमा सरासरीने ६५ मिलिमीटर पाऱ्याच्या जवळपास असली, तरी जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांना ती एकाच्या बाबतीत ४०, तर दुसऱ्याच्या बाबतीत ९० पर्यंतही आढळली. तेव्हा सर्वांना सारखा दाब देण्यात काय साधणार, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तथापि सर्वांचा दाब सरसकट वाढविणे हे त्यावरील उत्तर नव्हे. कोपनहेगन येथील २०१८ च्या प्रयोगात एका गटात ७० ते ८० आणि दुसऱ्यात ४० ते ५० असा दाब ठेवून मेंदूची चुंबकीय छायाचित्रे घेतली गेली. नव्या इजांच्या प्रमाणात फरक दिसला नाही. कपाळावर प्रकाशसंवेदक लावून मेंदूतील प्राणवायूचा अंदाज घेत प्रत्येकाची सीमा शोधणे, ही दिशा अधिक सयुक्तिक दिसते. पण प्रकाशावर चालणाऱ्या उपकरणांविषयी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. बोटास लावावयाचा साधा प्राणवायुमापक काळसर त्वचेच्या रुग्णांत वास्तवाहून अधिक आकडा दाखवितो, हे अमेरिकेतील २०२० च्या मोठ्या पाहणीत स्पष्ट झाले. सावळ्या वर्णाच्या रुग्णाच्या बाबतीत केवळ पडद्यावरील आकड्यावर विसंबणे योग्य नव्हे. धमनीतील रक्ताचा नमुना घेऊन पाहिले पाहिजे.

येथवर सांगितलेले कोणत्याही कृश, रक्तक्षीण रुग्णास लागू आहे. चंद्रपूर-गडचिरोलीचा खास प्रश्न तांबड्या पेशीच्या आत आहे.

सिकलसेल व्याधीचे वर्णन हेरिक यांनी शिकागो येथे १९१० मध्ये केले. १९४९ मध्ये पॉलिंग व सहकाऱ्यांनी तिचे मूळ हीमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखविले. भारतात तिचा शोध १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत लागला आणि १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ल व सोळंकी यांनी मध्य भारतातील रुग्णांची नोंद केली. महाराष्ट्रातील प्रसाराचा आढावा घेणाऱ्या काटे व लिंगोजवार यांच्या २००२ च्या लेखात माडिया व परधान यांसारख्या जमातींत वाहकांचे प्रमाण शेकडा २० ते ३५ इतके सांगितले आहे. ही व्याधी केवळ आदिवासींची, असे मात्र नाही. विदर्भातील अनेक बिगर-आदिवासी समाजांतही ती आहे. मलेरियाच्या प्रदेशात वाहकास त्या तापापासून काही संरक्षण मिळते, म्हणून हा जनुक टिकून राहिला, हे अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील निरीक्षणांवरून मांडले. गडचिरोली हा महाराष्ट्रातील सर्वाधिक मलेरियाचा जिल्हा असल्याने त्या सिद्धान्ताची येथे आठवण होणे साहजिक आहे.

या रोगातील हीमोग्लोबिन-एस प्राणवायू सोडून देते तेव्हा त्याचे रेणू एकमेकांस चिकटून लांब दोर तयार होतात व पेशी विळ्यासारखी वाकून ताठर बनते. प्रवाहाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, हे तत्क्षणी घडत नाही. प्राणवायू सुटल्यापासून दोर वळले जाईपर्यंत काही अवधी जातो. तेवढ्यात पेशी केशवाहिनीतून पार होऊन फुफ्फुसांकडे, किंवा येथे यंत्राकडे, पोहोचली तर ती पुन्हा प्राणवायू घेऊन पूर्ववत होते. रेंगाळली तर अडकते आणि मागून येणाऱ्यांची वाट अडविते. पेशीतील हीमोग्लोबिन-एसच्या संहतीवर हा अवधी विलक्षण अवलंबून असतो : १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनुसार संहतीच्या सुमारे तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात तो बदलतो. पेशीतील पाणी थोडे कमी झाले तरी अवधी झपाट्याने घटतो, तो यामुळे. सिकलसेलच्या रुग्णात रक्ताचा वेग आणि रेणूंचा वेग यांची अखंड शर्यत चाललेली असते, आणि शल्यक्रियेत पहिल्याची सूत्रे परफ्यूजनिस्टच्या हाती असतात.

हृदय-शल्यक्रियेत या शर्यतीस प्रतिकूल अशा बहुतेक सर्व गोष्टी एकत्र येतात. महाधमनीस चिमटा लावला की हृदयाच्या स्नायूतील रक्त थबकते. ते रक्तही सर्व शरीरात प्राणवायूस सर्वाधिक वंचित झालेले : हृदयाच्या स्वतःच्या नीलेतील संपृक्ती नेहमीच शेकडा ३० च्या आसपास असते. दोन्ही जनुके सदोष असलेल्या रुग्णाच्या पेशी संपृक्ती शेकडा ८५ च्या खाली गेली की वाकू लागतात, वाहकाच्या पेशी सुमारे ४० च्या खाली, असे स्थूलमानाने सांगितले जाते. यावरून हृदयाच्या स्नायूत वाहकही निर्धास्त नाही हे कळते. म्हणून हृदय थांबविणारे द्रावण देताना हृद्धमन्यांतील मूळ रक्त आधी पूर्ण धुऊन काढणे अगत्याचे ठरते.

थंडीविषयी मात्र रूढ समजूत तपासून पाहावी लागेल. सिकलसेलच्या रुग्णास गारठा बाधतो, म्हणून यंत्रावर त्याचे शरीर थंड करू नये, असे सर्रास शिकविले जाते. वस्तुतः हीमोग्लोबिन-एसचे दोर थंडीत वळत नाहीत, उलट विरघळतात. शिवाय थंड रक्तातील हीमोग्लोबिन प्राणवायू घट्ट धरून ठेवते. गारठ्याचा अपाय होतो तो रक्तवाहिन्या आकुंचन पावल्याने व रक्त घट्ट होऊन मंदावल्याने. तेव्हा शल्यक्रियेची गरज असेल तर, पुरेसे रक्त बदलून व प्रवाह राखून, शरीर थंड करणे अशक्य नाही. साध्या झडपेच्या शल्यक्रियेत त्याची गरजच नसते, आणि जेथे गरज नाही तेथे नेहमीचे तपमान राखणे श्रेयस्कर.

आता पूर्वीच्या हिशेबाकडे वळू. पातळ रक्ताच्या रुग्णाचे हीमोग्लोबिन वाढवावे, असे त्यात निघाले. पण ज्याच्या रक्तातील शेकडा ८० हून अधिक भाग हीमोग्लोबिन-एसचा आहे, त्याला वरून नुसते रक्त देऊन एकूण हीमोग्लोबिन दहा-अकराच्या पुढे नेले तर रक्ताचा दाटपणा वाढून प्रवाहच मंदावतो. गुणाकारातील एक अंक वाढविताना दुसरा घटतो. येथे उपाय भर घालण्याचा नसून अदलाबदलीचा आहे : रुग्णाचे रक्त काढून तितकेच दात्याचे द्यावयाचे आणि हीमोग्लोबिन दहाच्या आसपास राखून त्यातील हीमोग्लोबिन-एस शेकडा ३० च्या खाली आणावयाचे. हे अगोदर टप्प्याटप्प्याने करता येते. यंत्राच्या नळ्या दात्याच्या रक्ताने भरून, रुग्णाचे पहिले येणारे रक्त पिशवीत वळवूनही करता येते. ३० या आकड्यास परंपरेचे बळ अधिक, प्रयोगाचे कमी. अन्य शल्यक्रियांत, १९९५ च्या अमेरिकेतील तुलनेत, केवळ हीमोग्लोबिन दहापर्यंत आणणे हे आक्रमक अदलाबदलीइतकेच गुणकारी ठरले. आणि २०१३ च्या दुसऱ्या एका प्रयोगात रक्त न दिलेल्यांपैकी शेकडा ३९ जणांना, तर दिलेल्यांपैकी १५ जणांना उपद्रव झाले. हृदयाबाबतचे मार्गदर्शन मुख्यतः तुरळक रुग्णवृत्तांतांवर उभे आहे. वाहकात हीमोग्लोबिन-एस शेकडा ४० च्या आतच असते. प्रवाह, प्राणवायू व आम्लता यांकडे लक्ष ठेविले तर त्यास अदलाबदल बहुधा लागत नाही.

रुग्णांतही सारखेपणा नाही. भारतातील रुग्णांत गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन-एफ मोठेपणीही बऱ्याच प्रमाणात टिकते व ते दोर वळण्यात अडथळा आणते. त्यामुळे येथील व्याधी आफ्रिकेतील काही प्रकारांहून सौम्य मानली गेली. नागपूर परिसरातील रुग्णांच्या निरीक्षणांनी या समजुतीस मुरड घातली आहे : हीमोग्लोबिन-एफ भरपूर असूनही तेथे तीव्र वेदनांनी त्रस्त असे रुग्ण पुष्कळ आढळतात. ज्यांना वरचेवर रक्त दिले गेले आहे त्यांच्यात लोहाचा साठा उलट वाढलेला असू शकतो. म्हणून फेरिटिन न पाहता शिरेतून लोह देणे धोक्याचे, हे मागे सूचित केलेच आहे.

याच जमातींत आढळणारा आणखी एक दोष म्हणजे जी-सिक्स-पीडी या विकराची उणीव. यंत्रावरून उतरल्यावर काही रुग्णांच्या रक्तवाहिन्या इतक्या सैल पडतात की नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. अशा वेळी मिथिलीन ब्ल्यू शिरेतून देण्याचा प्रघात आहे. विकराची उणीव असलेल्या रुग्णाच्या तांबड्या पेशी त्या औषधाने धडाधड फुटतात. रात्री दोन वाजता, दाब ५० वर असताना, ही चाचणी करीत बसण्यास सवड नसते. ती आधी केलेली असेल तरच उपयोगी.

शल्यक्रिया पार पडली म्हणजे प्रवाहाची चिंता संपली असे नव्हे. धातूची झडप बसविली तर रक्त गोठू नये म्हणून वॉरफॅरिन जन्मभर घ्यावे लागते व आय.एन.आर. ही चाचणी वारंवार करावी लागते. नव्या औषधांपैकी डॅबिगॅट्रन अशा झडपांवर वापरून पाहिले असता घातक ठरले, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. भामरागडला पर्लकोटेच्या पुरात वाट बंद होते तेव्हा चाचणीही बंद होते. त्याच पावसाळ्यात तरोट्यासारख्या रानभाज्या ताटात वाढतात, आणि हिरव्या पानांतील जीवनसत्त्व-के वॉरफॅरिनचा परिणाम खाली ओढते. अशा गावच्या तरुण स्त्रीस, विशेषतः पुढे मातृत्वाची शक्यता असताना, प्राणिज ऊतीची झडप द्यावी काय, हा प्रश्न पुस्तकातील वयोमर्यादेवर सोडविता येणार नाही. ऊतीची झडप तरुणपणी लवकर झिजते व पुन्हा यंत्रावर जाण्याची वेळ आणते. धातूची झडप न मोजलेल्या रक्तात एका आठवड्यातही अडकू शकते. झडप नुसती अरुंद असून फुग्याने उघडण्याजोगी असेल तर यंत्रच टळते, आणि सिकलसेलच्या रुग्णात हा लाभ दुहेरी होय.

या सर्व निर्णयांस लागणारी माहिती नागपुरात नव्हे, तर गावात तयार होते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणी झालेल्यास कार्ड दिले जाते. विवाहापूर्वी समुपदेशन हा त्याचा एक मुख्य हेतू. परंतु तेच कार्ड शल्यगृहात प्रवाहाचे व रक्ताचे गणित बदलू शकते. त्यावरील नोंद कोणत्या चाचणीची आहे हे मात्र पाहिले पाहिजे. विद्राव्यतेची साधी चाचणी काही मिनिटांत होते, पण वाहक व रुग्ण यांत भेद करीत नाही. तो भेद इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. करते. आणि याही चाचणीस वेळेचे बंधन आहे. रक्तक्षय दिसला म्हणून वाटेतील रुग्णालयात दोन-तीन पिशव्या रक्त दिले गेले, तर नंतरच्या नमुन्यात दात्याचे हीमोग्लोबिन मिसळते आणि पूर्ण व्याधी असलेला रुग्ण अहवालात वाहक म्हणून दिसू शकतो. परफ्यूजनिस्ट त्या अहवालावर विसंबून अदलाबदल टाळील. म्हणून नमुना घ्यावयाचा तो पहिली पिशवी लावण्यापूर्वी, गडचिरोलीत किंवा चंद्रपुरात. आणि त्याचा अहवाल रुग्णाच्या संदर्भपत्रास जोडून पुढे पाठवावयाचा.